बंद कॉकचा निरोप

अण्णांच्या न्हाणीघराबाहेर सकाळपासून रांग लागली होती. कुणाच्या हातात बाटली, कुणाच्या हातात बरणी, एका हौशी जोडप्याने तर सहलीला न्यायचा मोठा थर्मास आणला होता. यातल्या बहुतेकांच्या घरी गरम पाण्याचा नळ होता. काहींच्या घरी दोन होते. तरीही ही मंडळी दुसऱ्याच्या घरी, चपला बाहेर काढून, एकमेकांच्या पायांवर पाय देत गरम पाण्यासाठी ताटकळत होती. कारण हे पाणी गीझरचं नव्हतं. हे पाणी अण्णांचं होतं, आणि अण्णा जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

आत, नळाशेजारी एका स्टुलावर निरोपेबाबा डोळे मिटून बसले होते. गेलेल्या माणसांचे निरोप जिवंत माणसांना पोचवतात म्हणून निरोपेबाबा. खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. बाबांनी एक हात छातीवर ठेवला आणि दुसऱ्याने नळ सोडला. नळ जरा खाकरला आणि थंड पाण्याची धार पडू लागली.

"थंड आहे हो," सगळ्यांत पुढच्या बाई बोट लावून म्हणाल्या.

"असणारच," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "परलोक म्हणजे काय शेजारची गल्ली आहे का? निघाले की पोचायला वेळ लागतो. मन शांत ठेवा. बोलवा त्यांना. हं... आता बघा."

"कोमट झालं."

"उंबरठ्यावर आले. आता?"

"गरम आहे. चांगलंच गरम आहे."

"पोचले," बाबा म्हणाले, आणि रांगेतून एक समाधानाचा सुस्कारा निघाला. गाडी वेळेवर लागल्यावर फलाटावर निघतो तसाच.

आता कुणाला वाटेल, त्यात काय एवढं, नळ सोडला आणि गरम पाणी आलं. असं वाटणाऱ्यांसाठी बाबांकडे उत्तर तयार होतं. ते नुसतं भिंतीकडे बोट दाखवायचे. गरम पाण्याचा पाइप छतावरच्या गीझरकडून खाली येत होता आणि नळाच्या आधी, डोळ्यांच्या उंचीवर, त्यावर एक जुना पितळी कॉक होता. कॉकच्या चाकाभोवती लाल दोरा गुंडाळला होता, दोऱ्याच्या गाठीवर लाख ओतली होती आणि लाखेखाली कागदाची पट्टी होती. पट्टीवर लिहिलं होतं, 'हा कॉक पूर्णपणे बंद आहे.' खाली सही होती. कॉक बंद आहे, म्हणजे वरून पाणी येणं शक्य नाही. आणि पाणी तर येतंय, गरम येतंय. मग येतंय कुठून? हा प्रश्न बाबा विचारायचे आणि उत्तर लोकांवर सोडायचे.

सही अण्णांच्याच मुलाची होती. तो या वेळी दारात उभा राहून दात-ओठ खात होता.

हा मुलगा विमा कंपनीचा सर्वेक्षक होता. दुकान जळालं, गाडी ठोकली, गोदामात पाणी शिरलं की नुकसान खरं किती आणि फुगवलेलं किती हे बघायला कंपनी त्याला धाडायची. नोकरीने त्याचा स्वभाव घडवला की स्वभावाने नोकरी शोधली, हे सांगणं कठीण. पण लहानपणापासून घरात त्याला सगळे शंकासुरच म्हणत. दूधवाल्यापासून घड्याळापर्यंत त्याचा कशावर विश्वास नव्हता. आणि नेमक्या याच माणसाच्या सहीवर हा चमत्कार उभा होता. बाबा रांगेला कौतुकाने सांगायचे, "यांचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही बरं का. तरी कॉक बंद आहे हे तेसुद्धा नाकारत नाहीत. विचारा त्यांना."

लोक विचारायचे. शंकासुर प्रामाणिक माणूस, त्यामुळे त्याला सांगावंच लागायचं, "हो, बंद आहे. मी स्वतः केलाय."

मग रांग अजून थोडी लांबायची.

हे सगळं सुरू झालं ते आईच्या पायांपासून. आईला मधुमेह होता, जुना. गेली काही वर्षं तिचे दोन्ही पाय बधिर झाले होते. चपलेत खडा गेला तरी कळायचा नाही, घोट्याखाली सगळं दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. अण्णा होते तोवर त्यांचा एक नेम होता. संध्याकाळी ते याच न्हाणीघरात टब भरायचे, आईला खुर्चीवर बसवायचे आणि तिचे पाय स्वतः धुऊन, बोटांच्या बेचक्यांतून कोरडे पुसून द्यायचे. आई रागवायची, "लोक काय म्हणतील." अण्णा म्हणायचे, "लोकांचे पाय मी धुणार नाही, तेव्हा लोकांनी बोलू नये."

अण्णा गेले. आईने वरच्या मजल्यावर मुलाच्या शेजारच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं आणि खालची खोली, न्हाणीघरासकट, बंद झाली. उगाच गरम पाण्याचा पाइप कशाला चालू ठेवायचा म्हणून शंकासुराने कॉक बंद केला. तो घट्ट होता. हाताने हलेना तेव्हा त्याने पक्कड आणून जोर लावला. आत काहीतरी 'कट्' झालं आणि चाक लोण्यासारखं फिरू लागलं. हात दुखेपर्यंत त्याने ते फिरवलं, कपाळाचा घाम पुसला आणि वर निघून गेला. दुसऱ्या कुणी असं काम केलं असतं तर शंकासुराने अहवालात लिहिलं असतं, 'खात्री केलेली नाही.'

महिने गेले. एका दुपारी आईला काय वाटलं कुणास ठाऊक, ती खाली गेली, खोली उघडली, अण्णांच्या खुर्चीवर बसली आणि सवयीने नळ सोडला. थोड्या वेळाने पाणी गरम आलं. तिने मुलाला हाक मारली.

"शक्यच नाही," शंकासुर म्हणाला.

"अरे, हात लावून बघ."

"आई, कॉक बंद आहे. मी स्वतः केलाय. पाणी येणं शक्यच नाही."

एवढं बोलून तो थांबला असता तरी चाललं असतं. पण त्या वेळी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, घरात होती. शंकासुरासारखा माणूस 'शक्यच नाही' म्हणतोय आणि समोर नळातून वाफाळतं पाणी पडतंय, हे पाहून तिच्या अंगावर काटा आला. मावशीच्या अंगावर काटा येणं म्हणजे गावभर बातमी जाणं. दोन दिवसांत ती निरोपेबाबांना घेऊन हजर झाली.

बाबांनी आल्या आल्या सगळ्यांना बाहेर काढलं. 'स्पंदनं' घ्यायला एकांत लागतो म्हणे. बराच वेळ आतून फक्त नळाचा आणि अधूनमधून हलक्या 'कुईकुई'चा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा चेहरा गंभीर होता.

"आई," ते शंकासुराच्या आईला म्हणाले, "त्यांचा जीव तुमच्या पायांत अडकलाय. रोज हे पाणी घ्या, पाय बुडवून बसा. बधिरपणा उतरेल. आणि एक लक्षात ठेवा. यात थंड पाणी मिसळायचं नाही. तो त्यांचा निरोप आहे, निरोपात भेसळ करू नये."

आईने डोळ्यांना पदर लावला. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आशा दिसत होती, आणि ती दिसली म्हणूनच शंकासुर त्या दिवशी गप्प राहिला. आईच्या आनंदावर पाणी ओतायला त्याला कसंतरी झालं.

त्यानंतर मात्र त्याने कंबर कसली. बाबांना उघडं पाडायचंच. त्याने बाबांची झोळी तपासली, पाणी तापवणारे चुन्याचे खडे किंवा असलं काही सापडतं का बघायला. सापडली फक्त ओवा घातलेल्या गोळ्यांची डबी. त्याने भिंती ठोकून पाहिल्या, छुप्या पाइपसाठी फरशीची कड उचकटून पाहिली, नळाच्या तोंडात बॅटरी मारून पाहिली. शेजारच्या घराच्या गीझरवर त्याचा तीन दिवस संशय होता. शेजारी अजून त्याच्याशी धड बोलत नाही.

बाबांना याचं मुळीच वाईट वाटलं नाही. उलट त्यांनीच सुचवलं, "तुम्ही या क्षेत्रातले. कॉकला सील ठोका की. म्हणजे मागून कुणी उघडतंय ही शंका नको. एकदा सील झालं की कॉकला कुणी बोटही लावायचं नाही, मीसुद्धा नाही."

शंकासुर खूश झाला. जळालेल्या गोदामांना तो असंच सील ठोकायचा. दोरा, लाख, पट्टी, सही, सगळं त्याने हौसेने केलं. तपासाला शिस्त आली असं त्याला वाटलं. कॉकला आता कुणीच हात लावू शकत नव्हतं, आणि बाबांना नेमकं तेच हवं होतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

त्याची बायको एका मोठ्या कंपनीच्या ग्राहक मदत केंद्रात होती. धुलाई यंत्र चालत नाही, फ्रिज थंड करत नाही, अशा तक्रारी घेऊन लोक दिवसभर तिला फोन करायचे. त्यावर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: प्लग लावलाय का? लोक भडकायचे. आम्ही काय अडाणी आहोत का, म्हणायचे. मग पलीकडून हळूच आवाज यायचा, "चालू झालं."

"ऐक ना," एकदा जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "तो कॉक नक्की बंद आहे का?"

"सील आहे त्याच्यावर."

"सील आहे हे मला दिसतंय. बंद आहे का?"

"मी स्वतः केलाय."

"म्हणजे तू चाक फिरवलंस. नंतर नळ सोडून बघितलास का, पाणी थांबलं का ते?"

शंकासुराने चमचा खाली ठेवला. "मी तुझा ग्राहक नाहीये," तो म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली आणि तिने विषय सोडला. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना तिने गुपचूप गीझरचं बटण बंद केलं. त्या दिवशी बाबांनी दुपारपर्यंत 'हं हं' केलं, पाणी थंड ते थंडच. शेवटी बाबांनी जाहीर केलं की अण्णा आज रागावलेत, घरात कुणाच्या तरी मनात कली शिरलाय. संध्याकाळी तिने हे नवऱ्याला सांगितलं.

"बटण बंद केल्यावर अण्णा थंड पडतात," ती म्हणाली. "आता तरी?"

"त्याने एवढंच सिद्ध होतं की पाणी गीझरमधून येतं. पण बंद कॉकमधून ते येतं कसं, हा प्रश्न उरतोच," शंकासुर म्हणाला. कॉक बंद आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या मनात उरला नव्हता, कारण तो त्याने कधी घेतलाच नव्हता. जगात सगळ्यांवर शंका घेणाऱ्या या माणसाने एक जागा मोकळी सोडली होती, आणि तिथे तो स्वतः उभा होता.

आई रोज पाय बुडवून बसत होती. "बरं वाटतंय का?" विचारलं की म्हणायची, "वाटतंय तर." डॉक्टरीणबाईंकडची नेहमीची फेरी तिने टाळली, बाबांनीच सांगितलं होतं, एका वेळी एकाचंच औषध घ्यावं. इकडे मावशीने खालची खोली झाडून घेतली. बाबांच्या मनात तिथे कायमचं निरोप केंद्र उघडायचं होतं, आणि ती अण्णांचीच इच्छा असल्याचा निरोप आदल्या आठवड्यात आलाही होता. अण्णांना वर गेल्यापासून घराच्या जागावाटपात भलताच रस निर्माण झाला होता.

मग एका शनिवारी सुनेने सासूच्या पायात मोजे चढवायला घेतले आणि ती तशीच थांबली. उजव्या पावलावर, करंगळीपासून घोट्यापर्यंत, कातडी सुटून फोड आले होते. एक फुटला होता. खालचं मांस लालभडक दिसत होतं.

"आई, हे कधी झालं?"

"काय झालं?" आईने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, पट्टी बांधली आणि आईला बाहेर बसवून दार लावलं. "हे भाजलंय," त्या शंकासुराला म्हणाल्या. "एकदा नाही, रोज थोडं थोडं. त्यांना चटका कळत नाही, हे तुम्हाला माहीत होतं ना? आत्ता भरून येईल. पण अजून एकदा असं झालं, तर मी बोटं वाचवायची खात्री देणार नाही. कदाचित पाऊलसुद्धा."

बाबांच्या झोळीतल्या गोळ्यांची डबी शंकासुराने हुंगून पाहिली होती, पण आईच्या टबात एकदाही हात घातला नव्हता. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. वाटेत तो आईला म्हणाला, "आई, आता ते पाणी बंद."

"नाही रे," आई म्हणाली. "पट्टी सुटली की परत बसेन. त्यांनी पाठवलेलं पाणी मी नाकारलं तर त्यांना काय वाटेल?"

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे रांग दुप्पट. शंकासुर रांग मोडून आत शिरला, तेव्हा त्याच्या एका हातात पक्कड होती आणि दुसऱ्यात कात्री. मागून बायको आली, आणि तिच्या खांद्याला धरून आई. आईला कुणीतरी अण्णांच्या खुर्चीवर बसवलं.

"मी सील काढतोय," तो म्हणाला.

"काढा की," बाबा सावधपणे म्हणाले. "का बरं?"

"कॉक थोडा ढिला राहिला असेल. अजून घट्ट करतो. मग बघू तुमचे निरोप."

त्याने दोरा कापला. स्वतःची सही असलेली पट्टी फाडली. मग त्याने चाकाला पक्कड लावली आणि उजवीकडे वळवलं. चाक फिरलं. अजून फिरलं. हलकी 'कुईकुई' झाली. तो आणखी फिरवत राहिला, पण चाक कुठे अडेना. डावीकडे फिरवून पाहिलं, तर तिकडेही तसंच फिरलं. नळातून पाण्याची धार पहिल्यासारखीच पडत होती; ना बारीक झाली, ना मोठी. शंकासुराचे कान लाल झाले. आपण इतके महिने काय बंद करून बसलो होतो, हे त्याला तिथे, पन्नासेक माणसांच्या देखत उमगलं.

बाबा मुरलेले. त्यांनी संधी झटकन पकडली. "बघा मंडळी. मुलाने परत बंद केला. तुमच्या डोळ्यांसमोर केला. पाणी थांबलं का? वडील थांबतील का कधी?"

रांगेत कुजबुज उठली. मावशीने हात जोडले. शंकासुराला सुटकेचा रस्ता आयताच मिळाला होता. नुसतं गप्प बसायचं. त्याची अब्रू राहिली असती आणि बाबांचा धंदा. त्याने आईच्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं.

"मी बंद केला नाही," तो म्हणाला. "आत्ताही नाही आणि तेव्हाही नाही. तेव्हा मी फक्त चाक फिरवलं होतं. फिरलं म्हणजे बंद झालं असं धरून चाललो. बघितलं नाही. त्या पट्टीवर मी खोटं लिहिलं होतं, न तपासता. या, हा कॉक फिरवून बघा. ज्याला वाटेल त्याने फिरवा."

थर्मासवाला पुढे आला. त्याने फिरवला, मग त्याच्या बायकोने, मग मावशीने. चाक प्रत्येकाच्या हाती मुकाट गरगरत होतं. "ही तर नुसती फिरकी आहे," थर्मासवाला म्हणाला. "फिरकीच," शंकासुराची बायको म्हणाली, "आणि ती कुणी कुणाची घेतली, ते बघू आता. बाबा, तुम्ही फिरवता?"

"आम्ही धातूला हात लावत नाही," बाबा म्हणाले. त्यांचा हात त्या वेळी नळावर होता.

मग बायकोने वर जाऊन गीझर बंद केला, त्यात येणारं पाणी बंद केलं आणि वरचे नळ सोडून पाइप रिकामा केला. आणि हे सगळं झाल्यावर पाणी खरंच थांबलंय का, ते खालचा नळ उघडून बघायला तिने नवऱ्यालाच लावलं. त्याने निमूट बघितलं. थेंब येत नव्हता. मग त्याने दोन पान्हे आणले, एक कॉकच्या बुडाला धरला, दुसरा माथ्याला लावला, आणि माथा सोडवून चाकासकट उपसून काढला. चाकाखाली पितळी दांडा होता. त्याचे आटे झिजून गुळगुळीत झाले होते.

"हे बघा," तो म्हणाला. "पाइपच्या आत एक तबकडी असते. आपण चाक फिरवलं की हा दांडा फिरतो आणि आट्यांवरून तबकडी खाली उतरते, रस्ता बंद करते. वर्षानुवर्षं क्षार साचून तबकडी वरच चिकटून बसली होती. मी पक्कड लावून जोर केला आणि दांड्याचे आटे गेले. तेव्हापासून दांडा फिरतोय आणि तबकडी जागची हलत नाहीये. रस्ता सताड उघडा आहे. गीझर वर छतावर, पाइप लांब. त्यात उभं राहिलेलं गार पाणी आधी निघून जातं, मग गरम येतं. बाबांचं 'हं हं' त्याच्यासाठी आहे. वर कुणाची नुकतीच आंघोळ झाली असेल तर पाइप गरमच असतो, मग अण्णा लवकर पोचतात."

"आणि बाबांना हे पहिल्या दिवशीच कळलं होतं," बायको म्हणाली. "एकांतात स्पंदनं घेताना आतून कसली कुईकुई येत होती, ते आत्ता सगळ्यांनी ऐकलंय. सील ठोकायची सूचना त्यांचीच."

कुणीतरी हसलं. एकाने बाटली पिशवीत घातली. पण निरोपेबाबा निरोपेबाबाच. ते स्टुलावरून उठले, मोडका दांडा त्यांनी, धातूला हात न लावण्याचं विसरून, हातात घेतला आणि डोळ्यांशी धरला.

"आटे गेले," ते म्हणाले. "पण का गेले? त्याच दिवशी, त्याच कॉकचे का गेले? कारण त्यांना पाणी पाठवायचं होतं. मंडळी, विज्ञान सांगतं कसं. का, ते आम्ही सांगतो."

आणि रांगेतल्या माना हलू लागल्या. काढलेल्या बाटल्या परत बाहेर आल्या. मावशीचे हात पुन्हा जुळले. शंकासुर बघतच राहिला. दांडा दाखवला, तबकडी समजावली, आता याच्यापुढे दाखवायचं तरी काय?

"मी सांगते," आई खुर्चीवरून म्हणाली.



"माझ्या पायांना कळत नाही," ती म्हणाली. "बरं वाटतंय असं मी सगळ्यांना सांगायची, पण काही वाटत नव्हतं. वाटावं असं वाटत होतं. अण्णांना माहीत होतं की मला कळत नाही. म्हणून ते टब भरला की आधी आपला हात घालायचे. मनगटापर्यंत. मग थोडं गार ओतायचे, परत हात घालायचे. रोज. मी म्हणायची, कालच बघितलं ना, आज काय निराळं असणार? तर म्हणायचे, काल कालचं बघितलं." पदराने तिने तोंड पुसलं. "हा माणूस मला उकळतं पाणी पाठवेल? आणि वर सांगेल की गार मिसळू नको? बाबा, तुम्हाला कुणाचा निरोप आला मला माहीत नाही. पण तो आमच्या अण्णांचा नव्हता."

विज्ञानाला निरोपेबाबांकडे उत्तर होतं; पण अण्णांना ते ओळखतच नव्हते. त्यांनी झोळी उचलली आणि दुसरीकडून बोलावणं आल्याचं पुटपुटत ते रांगेच्या कडेने निघाले. चपलांच्या ढिगात त्यांना स्वतःची चप्पल सापडायला मात्र बराच वेळ लागला, आणि तोवर त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

"आता तुम्ही," आई रांगेला म्हणाली. "घरी जा आणि आपापले नळ सोडा. तिथेही आधी गार येईल, मग कोमट, मग गरम. ते कुणी पाठवत नाही. आणि उद्या तुम्हाला कुणी काही पाठवलंय असं कुणी सांगितलं, तर पाय घालायच्या आधी हात घालून बघा."

थर्मासवाल्याने थर्मास मागे लपवला. लोक पांगले. मावशी सगळ्यांत शेवटी गेली; जाताना बहिणीचा पाय बघून तिला रडू कोसळलं. त्या दिवशी तरी तिच्या अंगावर काटा आला नाही.

दुपारी शंकासुराने नवा कॉक आणला, चाकाचा नाही, दांडीचा. दांडी पाइपच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद. पाइपच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून त्याने तो बसवला, वरचं पाणी परत सुरू करताना स्वतः नखशिखांत भिजला, दांडी आडवी केली आणि समाधानाने बायकोकडे वळून म्हणाला, "झाला बंद."

बायको नुसती बघत राहिली. तो नळाकडे गेला, नळ सोडला आणि कोरड्या तोटीखाली हात धरून थांबला, तिला पुरे वाटेपर्यंत.

पाय भरून यायला बरेच आठवडे लागले. बोटं वाचली. डॉक्टरीणबाईंनी कोमट पाण्याने पाय धुवायला परवानगी दिली, त्या संध्याकाळी शंकासुराने खालचं न्हाणीघर उघडलं, टब भरला, गार ओतलं आणि आईची खुर्ची पुढे ओढली.

"ये. कोमट आहे."

आईने पाय उचलला नाही.

"आहे म्हणू नकोस," ती म्हणाली. "हात घालून सांग."

त्याने बाही वर केली आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घातला.